मेणबत्ती कोणाच्या हाती?

गेल्या जूनमधली गोष्ट. शाळा नुकतीच सुरू झाली होती. पावसाची एक सर येऊन गेली होती आणि मी ओसरीवर वह्यांना पुठ्ठे घालीत बसलो होतो. गावातल्या एक बाई आपल्या तेरा वर्षांच्या मुलाला पुढे घालून आल्या आणि उभ्याउभ्याच म्हणाल्या, "मास्तर, ह्याला जरा चार शब्द सांगा. रविवारी मिस्सेला यायला मागत नाही. धर्मशिक्षणाच्या वर्गालाही दांडी मारतो. आमचे ऐकत नाही, तुमचे ऐकेल."

मी विचारले, "घरी संध्याकाळची प्रार्थना होते का?"

बाई जरा थबकल्या. मग म्हणाल्या, "कशी होणार, मास्तर? ह्याचे वडील रात्री साडेनऊला गाडीतून उतरतात. ह्याची शिकवणी आठपर्यंत. मी सैंपाकात. आणि आता देवळात शिकवतात, शाळेत शिकवतात; घरी आणखी काय शिकवायचे?"

मुलगा ओसरीच्या खांबाला टेकून पायाच्या अंगठ्याने ओल्या फरशीवर रेघोट्या काढीत होता. मी त्याला चार शब्द सांगितले. त्याने मान डोलावली. बाई समाधानाने गेल्या. पुढच्या रविवारी मुलगा मिस्सेला आला, त्यानंतरच्या रविवारी आला नाही. माझ्या चार शब्दांची किंमत एवढीच होती, आणि ते योग्यच झाले. बाई चुकीच्या दारी आल्या होत्या, आणि ते सांगण्याचे धैर्य मला त्या दिवशी झाले नाही. ते आज ह्या लेखात करतो आहे.

माझे म्हणणे असे. आम्हा कॅथलिक आईबापांनी आपल्या मुलांची श्रद्धा कंत्राटाने देऊन टाकली आहे. काही धर्मगुरूंकडे, काही धर्मभगिनींकडे, काही रविवारच्या वर्गाकडे, काही शाळेकडे. जिथे हे कंत्राट दिलेले नाही, तिथे पुष्कळदा छडीचा कारभार चालतो. आणि जिथे कंत्राटही नाही आणि छडीही नाही, तिथे 'मोठा झाला म्हणजे त्याचे तो ठरवील' ह्या गोड वाक्याखाली आळस झाकला जातो. ह्या तिन्ही वाटा चुकीच्या आहेत असे मी म्हणतो.

दिवाळी अंकाचा वाचक इथे विचारील की, हा वसईच्या ख्रिस्ती वाडीतला घरगुती तंटा आमच्यापुढे कशाला? वाचकहो, तुमच्या घरी दिवेलागणीला शुभंकरोती म्हणणारी मुले आज किती आहेत ते एकदा मोजा आणि मग सांगा हा तंटा कोणाचा आहे. देव वेगळा असेल, स्तोत्र वेगळे असेल. परंतु दिव्यासमोर आईच्या मांडीला टेकून बसलेले पोर तुमच्याकडे नि आमच्याकडे एकच होते, आणि ते दोन्हीकडून उठून गेले आहे. मी माझ्या घराचे तेवढे बोलतो, कारण तेवढेच बोलण्याचा मला अधिकार आहे.

प्रथम कंत्राटाचा विचार करू. पुष्कळांची समजूत अशी आहे की, मुलाला धर्म शिकवणे हे मूळचे देवळाचे काम, आणि आईबापांनी त्याला वेळेवर पोचवले म्हणजे त्यांचे कर्तव्य संपले. खुद्द ख्रिस्तसभेचे म्हणणे ह्याच्या नेमके उलट आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली ख्रिस्तसभेविषयीच्या आपल्या दस्तऐवजात कुटुंबाला 'घरातली ख्रिस्तसभा' म्हटले आणि आईबाप हे आपल्या मुलांचे पहिले धर्मोपदेशक असल्याचे सांगितले. पुढच्याच वर्षी, २८ ऑक्टोबर १९६५ रोजी, शिक्षणावरचा जाहीरनामा निघाला. त्यात आईबाप हे पहिले आणि प्रमुख शिक्षक असून त्यांची उणीव दुसऱ्या कोणाकडून भरून निघणे जवळजवळ अशक्य आहे, अशा अर्थाचे स्पष्ट विधान आहे. १९८३ च्या धर्मसंहितेत हेच कर्तव्य कायद्याच्या भाषेत आले: शब्दाने आणि उदाहरणाने मुलांना श्रद्धेत वाढवण्याचा भार इतरांआधी आईबापांवर आहे. तेव्हा ज्याला आपण मालक समजतो तो मदतनीस आहे, आणि ज्याचे काम आहे तो मालक घरी दिवाणखान्यात बसून मोबाइल पाहतो आहे.

दस्तऐवज कोण वाचतो, असे कोणी म्हणेल. ठीक आहे. पण स्नानसंस्काराला तर आपण सगळेच उभे राहिलो आहोत ना? मूल आईच्या हातावर असते. धर्मगुरू आईबापांना विचारतात, ह्या मुलाला श्रद्धेत वाढवण्याची जबाबदारी तुम्ही घेत आहात हे तुम्हाला कळले आहे ना? आपण 'हो' म्हणतो. मग पास्काच्या मोठ्या मेणबत्तीवरून एक लहान मेणबत्ती पेटवली जाते. मूल काही ती धरू शकत नाही. ती बापाच्या किंवा धर्मपित्याच्या हाती येते आणि हा प्रकाश जपण्याचे काम तुमच्यावर सोपवले आहे असे सांगितले जाते. ती मेणबत्ती धर्मगुरू परत घेत नाहीत, धर्मशिक्षणाच्या बाईंच्या हातीही देत नाहीत. ती आपण घरी आणतो. पुढे तिचे काय होते? फोटोंच्या अल्बमाबरोबर कपाटात जाते. माझ्या घरीही ती कपाटातच होती.

आता छडीचा विचार. मी ज्या पिढीत वाढलो तिच्यात संध्याकाळची जपमाळ चुकवणाऱ्या मुलाला जेवण मिळत नसे. गुडघे दुखले म्हणून मांडी घातली तर पाठीत धपाटा बसे. पेंगणाऱ्या पोराला पुढे ओढून सगळ्यांसमोर 'नमो मरिया' म्हणायला लावीत. आज त्या पिढीतले कित्येकजण अभिमानाने सांगतात, 'आम्हाला मारून शिकवले म्हणून आम्ही टिकलो.' मला विचाराल तर हा हिशेब खोटा आहे. जे टिकले तेच हे सांगायला उरले आहेत. जे गेले ते बोलायला येत नाहीत. मुंबईला खोली मिळाल्याबरोबर ज्यांनी देवळाची पायरी सोडली, त्यांना विचारून पाहा. देव आठवला की त्यांना बापाचा हात आठवतो.

ह्या बाबतीत एक खरी हकीगत मला फार बोलकी वाटते. फ्रान्समधल्या आलाँसाँ गावी लुई आणि झेली मार्ताँ हे जोडपे राहत होते. लुई घड्याळजी, झेली लेस विणवून घेण्याचा धंदा करणारी. त्यांना नऊ मुले झाली, पाच मुली जगल्या. त्यांतली धाकटी म्हणजे लिझ्यूची संत तेरेझा. २०१५ साली ह्या जोडप्याला एकत्रच संतपद देण्यात आले. हे सगळे आपल्याकडे प्रवचनात सांगतात. परंतु तिसऱ्या मुलीची, लेओनीची, गोष्ट कोणी सांगत नाही. लेओनी हट्टी, मंद, आजारी. मठाच्या शाळेतून तिला परत पाठवले. संतांच्या घरात हे एक पोर कोणाच्याच आवाक्यात येईना. आई पत्रांतून तिच्याविषयी झुरत राही. १८७७ साली घरच्यांच्या लक्षात आले की, घरातली मोलकरीण त्या मुलीला आईच्या नकळत धाकात ठेवीत होती. तिला वाटे, आपण पोरीला वळण लावतो आहोत. आईने तो धाक मोडला आणि मुलीला स्वतःजवळ घेतले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये झेली कर्करोगाने वारली. पण तेवढ्या थोड्या महिन्यांत मुलगी आईला चिकटली. पुढे हीच लेओनी मठात जाते, परत येते, पुन्हा जाते, पुन्हा परत येते. शेवटी १८९९ साली काँ येथील मठात गेली ती १९४१ साली मरेपर्यंत तिथे राहिली. धाकाने जे पोर मिटून गेले होते ते मायेने उघडले. आणि हे घर कोणते? रोज पहाटेच्या मिस्सेला जाणारे. अशा घरातही धाक शिरला तेव्हा त्याने नासवण्याचेच काम केले. मग आपल्या घरांची काय कथा?

बायबलही ह्याहून वेगळे सांगत नाही. संत पौलाने बापांना मुद्दाम बजावले आहे की मुलांना चिडीला घालू नका, त्यांचे मन खचेल. मुलांनी आज्ञा पाळावी हे वाक्य आपल्या सर्वांना पाठ असते. त्याच्या शेजारचे बापांसाठीचे हे वाक्य मात्र बापांना कधी आठवत नाही.

आता तिसरी वाट. शिकलेली तरुण जोडपी म्हणतात, 'आम्ही मुलावर काहीच लादत नाही. अठरा वर्षांचा झाला की त्याने सगळे धर्म वाचावेत आणि निवडावे.' ऐकायला हे उदार वाटते, आणि त्यातला अर्धा भाग खरा आहे. श्रद्धा लादता येत नाही. ह्याच व्हॅटिकन परिषदेने १९६५ च्या डिसेंबरात धर्मस्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात कोणावरही जबरदस्ती होऊ नये असे म्हटले आहे. पण ह्या जोडप्यांना माझा एक प्रश्न आहे. तुम्ही मुलाशी कोणत्या भाषेत बोलता? अठरा वर्षांचा झाल्यावर त्याने भाषा निवडावी म्हणून तोवर त्याच्याशी मुके राहता काय? सचोटी, दया, पाहुण्याला पाणी देणे, मेलेल्याच्या घरी जाऊन बसणे, हे सगळे त्याने अठराव्या वर्षी निवडावे असे म्हणता काय? नाही. जे तुम्हाला खरोखर मोलाचे वाटते ते तुम्ही पहिल्या दिवसापासून देता. तेव्हा श्रद्धेच्याच बाबतीत हे औदार्य कोठून आले? खरे कारण असे की, ती तुम्हालाच मोलाची वाटेनाशी झाली आहे. तसे असेल तर तसे सांगा. त्यात प्रामाणिकपणा तरी आहे. मुलाच्या स्वातंत्र्याची ढाल पुढे करू नका. शिवाय रिकामी जागा रिकामी राहत नाही. तुम्ही दिले नाही तर त्याच्या खिशातला मोबाइल देतो, आणि तो मुलाला निवडायला अठरा वर्षे थांबत नाही.

कोणी म्हणेल, घरात काही नसतानाही मुले श्रद्धाळू होतात. होतात. ७ सप्टेंबर २०२५ रोजी संतपद मिळालेला कार्लो आकुतिस हा इटालियन मुलगा पंधराव्या वर्षी, २००६ साली, रक्ताच्या कर्करोगाने गेला. त्याची आई स्वतः अनेकदा सांगते की, त्याच्या जन्मापूर्वी ती देवळात जवळजवळ जातच नव्हती. लहानपणी त्याला सांभाळणारी पोलिश बाई भाविक होती. मूल प्रश्न विचारू लागले, आईला उत्तरे येईनात. तेव्हा तिने त्याला गप्प बसवले नाही, स्वतः शिकायला सुरुवात केली. हे उदाहरण माझ्या विरुद्ध जाते असे मला वाटत नाही. आईने मुलाच्या प्रश्नाला दार बंद केले नाही, उलट त्याच्याबरोबर चालू लागली. घरात ह्याहून अधिक कोणी काय करायचे असते?

पण घराची खरी ताकद पाहायची असेल तर आपल्याच एका माणसाच्या मागोमाग जपानला जावे लागते. गोन्सालो गार्सिया वसईचा. बाप पोर्तुगीज, आई इथली. फ्रान्सिस्कन संघाचा हा बंधू ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर आणखी पंचवीस जणांबरोबर क्रूसावर मारला गेला. १८६२ साली त्या सर्वांना संतपद मिळाले. आपण त्याच्या नावाने सण करतो, मिरवणूक काढतो. त्याच्या मरणानंतर तिथे काय घडले हे मात्र आपल्या मुलांना सांगत नाही.

१६१४ साली जपानभर ख्रिस्ती धर्माला बंदी झाली. धर्मगुरू हाकलले गेले, मारले गेले. थोड्याच दशकांत देशात एकही धर्मगुरू उरला नाही. देऊळ नाही, शाळा नाही, ग्रंथ नाही, मिस्सा नाही. ख्रिस्ताचे किंवा मरियेचे चित्र पायाखाली तुडवून आपण ख्रिस्ती नाही हे सरकारला दाखवावे लागे. अशी दोनशेहून अधिक वर्षे गेली. मग परदेशी लोकांसाठी नागासाकीला औरा येथे एक देऊळ बांधण्यात आले. ते कोणाला वाहिले होते? त्याच सव्वीस हुतात्म्यांना, म्हणजे आपल्या गोन्सालोलाही. १७ मार्च १८६५ रोजी उराकामी खेड्यातले काही शेतकरी तिथे आले. एका बाईने फादर पेतीजाँ ह्यांच्याजवळ जाऊन हळूच सांगितले की आमचे आणि तुमचे मन एकच आहे, आणि विचारले की मरियेची मूर्ती कुठे आहे. फादरांना आपल्या कानांवर विश्वास बसेना.

ही श्रद्धा कोणी टिकवली? गावातलाच एक साधा माणूस मुलांना स्नानसंस्काराचे पाणी देई. दुसरा कोणी सणांचा, उपवासांचा हिशेब तोंडी ठेवी. आणि बाकी सगळे घरात, दार लावून, आईबापांच्या तोंडून मुलांच्या कानांत. लॅटिन नि पोर्तुगीज शब्द झिजून झिजून ओळखू येईनासे झाले होते, तरी प्रार्थना उरल्या होत्या. त्यांचा शोध लागल्यावर पुन्हा छळ झाला. उराकामीच्या तीन हजारांहून अधिक लोकांना हद्दपार केले, त्यांतले सहाशेहून अधिक मेले, तेव्हा कुठे १८७३ साली बंदीचे फलक उतरले. आता सांगा, ज्यांच्याजवळ घराशिवाय काहीच नव्हते त्यांनी सात-आठ पिढ्या श्रद्धा पोचवली. आणि आमच्याजवळ देऊळ आहे, धर्मगुरू आहेत, वर्ग आहेत, छापील पुस्तके आहेत, फक्त घर नाही, आणि आम्ही एका पिढीत दमलो. चूक देवळाची म्हणावी काय?

इथपर्यंत मी दुसऱ्यांविषयी बोललो. आता स्वतःविषयी बोलतो. नाहीतर हा लेख म्हणजे शिक्षकाने वर्गात दिलेला दम ठरेल.

मी मराठी शाळेतला शिक्षक. मराठीत कादंबऱ्या लिहिणारा. माझ्या मुलीला मी इंग्रजी शाळेत घातले. का घातले ते सर्वांना ठाऊक आहे. सगळेच घालतात म्हणून. तिथे ती प्रार्थना इंग्रजीत शिकली. मला त्यात काही वावगे वाटले नाही. देवाला सगळ्या भाषा येतात असे मीच बायकोला सांगितले.

पण माझ्या आईला येत नाहीत.

जपमाळेची रीत ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ही प्रार्थना एकट्याने म्हणता येते. परंतु घरात ती दोघांत वाटून म्हणतात. एकाने 'नमो मरिया' चा पहिला अर्धा भाग म्हणायचा, बाकीच्यांनी दुसरा. मग दुसऱ्या दशकाला दुसऱ्याने सुरू करायचे, सगळ्यात लहान पोराचीही पाळी येते. पन्नास वेळा हा असा देवाणघेवाणीचा खेळ चालतो. मणी सरतात, आवाज एकमेकांत मिसळतात. शेवटी मुलांनी वडीलधाऱ्यांपुढे वाकून आशीर्वाद मागायचा. गोव्यात त्याला 'बेसांव' म्हणतात. दिवसभर कितीही भांडण झालेले असो, त्या वेळी प्रत्येक मुलाच्या डोक्यावर प्रत्येक मोठ्याचा हात पडत असे. माझे वडील फार कडक. त्यांनी मला कधी जवळ घेतल्याचे आठवत नाही. पण तो हात रोज डोक्यावर पडे. आज मागे वळून पाहताना मला वाटते, माझी श्रद्धा त्यांच्या धपाट्यांनी टिकली नाही, त्या हाताने टिकली.

दोन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात, म्हणजे जपमाळेच्या महिन्यात, माझ्या मुलीने, तेव्हा ती पंधरा वर्षांची, प्रार्थनेला बसायचे नाकारले. मी तिला दरडावले. चारचौघांत अब्रू जाईल असे म्हटले. 'मास्तराची मुलगी' हे शब्दही माझ्या तोंडून गेले. ती बसली. माझ्या आईने सुरुवात केली, अर्धा भाग म्हणून थांबली. मुलीने पुढचा अर्धा भाग म्हणायचा. ती गप्प. मला वाटले हट्ट करते आहे. मी पुन्हा ओरडलो. तेव्हा पोर रडत म्हणाली, "पप्पा, मला मराठीतला येत नाही. मला कुणी शिकवला? आजी काय म्हणते ते मला कळत नाही, म्हणून मी बसत नव्हते."

आई काही बोलली नाही. तिने माळ खाली ठेवली.

त्या रात्री मला झोप आली नाही. ज्या भाषेसाठी मी लेख लिहितो, सभांतून बोलतो, त्याच भाषेत माझ्या मुलीला तिच्या आजीबरोबर एक 'नमो मरिया' पुरा करता येत नव्हता. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज माणूस गोव्याला येऊन मराठी शिकला, आणि १६१६ साली राचोलला अकरा हजारांच्या आसपास ओव्यांचे ख्रिस्तपुराण छापून गेला; का, तर इथल्या माणसांना ख्रिस्त आपल्या भाषेत ऐकायला मिळावा म्हणून. १९६३ साली व्हॅटिकन परिषदेने लोकभाषेला उपासनेत वाट करून दिली. आमच्या वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांनी वर्षानुवर्षे खपून २०१० साली 'सुबोध बायबल' दिले. २०२० साली धाराशिवच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले तेव्हा आम्ही छाती फुगवली. २०२४ साली ते गेले तेव्हा आम्ही रडलो. हे सगळे झाले, आणि माझ्या घरात आजी आणि नात ह्यांच्यामधला धागा मीच कापून ठेवला होता. इंग्रजीत प्रार्थना केल्याने देव दूर जात नाही हे मी आजही म्हणतो. पण मुलाकडे श्रद्धा येते ती आजीकडून, आईकडून येते. संत पौलाने तीमथ्याला लिहिताना त्याच्या श्रद्धेचे मूळ सांगितले ते शाळेत नाही, देवळात नाही. आजी लोईस आणि आई युनीके ह्या दोन बायकांत सांगितले. त्या तीमथ्याला आजीची भाषाच आली नसती तर?

इंग्रजी शाळा बंद करा असे मी म्हणत नाही. मी एवढेच म्हणतो की, आजीशी बोलता येईल इतकी भाषा आणि आजीबरोबर पुरी करता येईल इतकी प्रार्थना मुलाला देणे हे आईबापांचे काम आहे, आणि त्याला फी लागत नाही.

मग करावे काय? मोठमोठ्या योजना मला सुचत नाहीत. अनुवादाच्या पुस्तकात, म्हणजे बायबलातल्या मोशेच्या ग्रंथात, देवाचे वचन मुलांना केव्हा शिकवावे ते सांगितले आहे: घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना. ह्या चारही वेळा रोज प्रत्येक घरात येतात. साडेनऊच्या गाडीने उतरणाऱ्या बापालाही निजायची वेळ असतेच. दहा मिनिटे. पूर्ण जपमाळ नको, एक दशक पुरे. त्या दहा मिनिटांत मोबाइल दुसऱ्या खोलीत. आणि मुलाने बापाला देवापुढे गुडघे टेकलेले पाहावे, बापाचे बोट दुसऱ्याला गुडघे टेकायला लावताना नव्हे. बापाने चूक केली असेल तर त्याने तिथेच, सगळ्यांसमोर, ती कबूल करावी. पापनिवेदनाचा अर्थ मुलाला शंभर धड्यांनी कळणार नाही तितका त्या एका वाक्याने कळेल.

आणि एवढे करूनही मूल गेले तर? जाईल. संत मोनिकाचा ऑगस्टीन गेला होता. त्याच्या पाखंडी मतांमुळे तिने आधी त्याला घरात आपल्याबरोबर राहू-जेवू देणेही बंद केले होते. मग तिला कळले की दार लावून घेण्याने तो परत येणार नाही, आणि तिने ते उघडले. पुढे तो आफ्रिकेतून इटलीला गेला तर तीही मागोमाग समुद्र ओलांडून गेली. ३८७ सालच्या पास्काच्या सणाला मिलानमध्ये त्याचा स्नानसंस्कार झाला तेव्हा तो बत्तीस वर्षांचा होता. आईने त्याच्या अठराव्या वर्षी हिशेब मिटवला नाही. सगळ्याच मोनिकांचे मुलगे परत येतात असे नाही. परंतु आपले दार उघडे होते एवढे तरी आईबापांना मरताना म्हणता यावे.

माझ्या घरचे सांगून संपवतो. त्या रात्रीनंतर मी मुलीची माफी मागितली. जपमाळेची सक्ती सोडली. काही महिने माझी आई, बायको आणि मी तिघेच बसत होतो. मग एका संध्याकाळी, आईला मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर डोळ्यांवर पट्टी असताना, मुलगी आपणहून आजीजवळ जाऊन बसली. आजीने तिला विचारले, "अर्धे मी म्हणते, अर्धे तू शिकशील?" पहिल्या दिवशी तिला दहापैकी दोनदा जमले. तिची श्रद्धा आता पक्की झाली असे मी म्हणणार नाही. ती अजून मला अवघड प्रश्न विचारते, आणि पुष्कळांची उत्तरे मला येत नाहीत. रविवारी कधी येते, कधी येत नाही. पण संध्याकाळी आजीचा अर्धा भाग अर्धाच राहत नाही.

जूनमध्ये आलेल्या त्या बाईंकडे मी ह्या आठवड्यात स्वतः जाणार आहे. मुलाला चार शब्द सांगायला नाही. त्या दिवशी त्यांना जे सांगायचे राहिले ते सांगायला, आणि त्यांच्या कपाटात ती मेणबत्ती अजून आहे का ते विचारायला.